लहरींचा परवाना आणि विजेचे जाळे

जमीन, पाणी आणि खनिजे यांप्रमाणेच बिनतारी संदेशवहनासाठी वापरली जाणारी लहरींची पट्टी ही राष्ट्राची मर्यादित संपत्ती होय. ती वापराने झिजत नाही. परंतु एकाच प्रदेशात एकच पट्टी दोघांनी वापरू लागल्यास दोघांच्याही संदेशांत व्यत्यय येतो. म्हणून तिचा वापर परवान्यानेच होतो. हा परवाना कोणाला मिळावा, तो दुसऱ्यास विकता यावा काय आणि त्याची किंमत अखेर कोण देतो, हे प्रश्न केवळ तंत्रज्ञांचे नाहीत. अमेरिकेत वीज कंपन्यांना असे परवाने विकण्याचा जो प्रयोग २०२० पासून सुरू झाला, त्याच्या अभ्यासाने या प्रश्नांवर चांगला प्रकाश पडतो.

स्वतंत्र जाळ्याची गरज

पूर्वी वीज एका दिशेने वाहत असे. विद्युत केंद्राकडून उपकेंद्राकडे आणि तेथून ग्राहकाकडे. आता घरांच्या छपरांवरील सौर पट्ट्यांतून ती उलटही वाहते. मीटर, रोहित्रे आणि स्वयंचलित खटके यांच्याकडून क्षणोक्षणी माहिती यावी व त्यांना आज्ञा जावी, अशी आवश्यकता निर्माण झाली आहे. केवळ बोलण्यापुरत्या असलेल्या जुन्या बिनतारी यंत्रणेला हा भार पेलत नाही.

मग सर्वसाधारण मोबाइल सेवा का वापरू नये? याचे उत्तर आपत्तीच्या वेळी मिळते. मोबाइलचे मनोरे विजेवर चालतात. वीज गेली की बॅटरी संपेपर्यंतच ते तग धरतात. आणि नेमक्या त्याच वेळी वीज कर्मचाऱ्यांना संपर्काची सर्वाधिक निकड असते. सप्टेंबर २०१७ मध्ये पोर्टो रिकोवर आलेल्या मारिया चक्रीवादळानंतर तेथील सुमारे ९५ टक्के मोबाइल केंद्रे बंद पडली होती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावांनीही वीज आणि दूरध्वनी एकाच वेळी गमावण्याचा अनुभव घेतला आहे.

दुसरे उदाहरण वणव्यांचे आहे. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो परिसरात ऑक्टोबर २००७ मध्ये लागलेल्या मोठ्या वणव्यांपैकी काहींचे मूळ वीजवाहिन्यांत असल्याचे चौकशीत आढळले. सुमारे नऊ मीटर उंचीवरून तुटलेली तार दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येते. तेवढ्या अवधीत तार तुटल्याची वार्ता उपकेंद्रास पोहोचून प्रवाह खंडित झाला, तर ठिणगी टळते. तेथील वीज कंपनीने अशी यंत्रणा उभारली असून तिच्यासाठी जलद व खात्रीचे संदेशवहन अत्यावश्यक आहे.

पट्टीची पुनर्रचना

अमेरिकेत ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासची एक पट्टी ३९९ अरुंद मार्गिकांत विभागलेली होती. रेल्वे, कारखाने व वीज कंपन्या त्या वापरीत. यांपैकी बऱ्याच मार्गिकांचे परवाने अँटेरिक्स या कंपनीने, तिचे नाव निराळे असताना, २०१४ मध्ये स्प्रिंट या दूरध्वनी कंपनीकडून विकत घेतले. त्याच वर्षी तिने पट्टीचा काही भाग ब्रॉडबँडसाठी सलग करावा, अशी विनंती संघराज्याच्या दळणवळण आयोगाकडे केली. साडेपाच वर्षांच्या विचारविनिमयानंतर १३ मे २०२० रोजी आयोगाने २४० मार्गिका एकत्र करून जाणारी ३ व येणारी ३ मेगाहर्ट्झ अशी रुंद वाट मोकळी केली. उरलेल्या १५९ मार्गिका अरुंद वापरासाठी राखल्या.

त्यानंतर व्यवहार होऊ लागले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरेन या वीज कंपनीने मिसुरी व इलिनॉय राज्यांतील आपल्या क्षेत्रासाठी तीस वर्षांचा भाडेकरार केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सॅन डिएगोच्या कंपनीने ५ कोटी डॉलरला परवानेच खरेदी केले. २०२३ मध्ये टेक्सासमधील लोअर कोलोराडो रिव्हर अथॉरिटी या सार्वजनिक संस्थेने सुमारे ३ कोटी डॉलरला परवाने घेतले. २०२४ मध्ये त्याच राज्यातील ऑनकॉरचा व्यवहार १० कोटी २५ लाख डॉलरचा झाला.

लोकहिताच्या अटी

येथे साहजिकच शंका येते. लहरी जनतेच्या, मग त्यांचा नफा मध्यस्थाने का घ्यावा? अरुंद मार्गिकांचा परवाना सरकारी आदेशाने रुंद होताच त्याचे मोल कितीतरी वाढते, आणि ही वाढ कंपनीच्या श्रमाने झालेली नसते. हे ओळखूनच आयोगाने अटी घातल्या. नवा परवाना काउंटीनिहाय, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या घटकानुसार मिळतो. त्यासाठी अर्जदाराने आपले जुने परवाने परत करावयाचे असतात. ते कमी पडल्यास फरकाची रक्कम सरकारी तिजोरीत भरावी लागते. जुन्या वापरकर्त्यांशी करार करून त्यांना पर्यायी मार्गिका द्याव्या लागतात किंवा त्यांच्या सेवेस व्यत्यय येणार नाही याची हमी द्यावी लागते. परवान्याची मुदत पंधरा वर्षांची असून, ठराविक काळात जाळे उभारले नाही तर तो गमवावा लागू शकतो. पट्टी अडवून ठेवून भाव वाढण्याची वाट पाहण्यास यामुळे आळा बसतो.

तथापि एक गोष्ट विसरता येणार नाही. वीज कंपनी परवान्यासाठी जी रक्कम देते, ती नियामकाची मान्यता मिळाल्यास वीजदरात समाविष्ट होते. म्हणजेच लहरींची किंमत शेवटी ग्राहकाच्या देयकातून वसूल होते. खंडित पुरवठा कमी झाला, अपघात टळले, तरच ती किंमत सार्थ म्हणता येईल.

आपल्यासाठी बोध

भारतात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने १२२ दूरसंचार परवाने रद्द केले. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात केंद्र सरकार लोकांच्या वतीने या पट्टीचे मालक असल्याचे म्हटले आहे. उद्योग व संस्थांना स्वतःच्या वापरापुरते खासगी जाळे उभारता यावे, यासाठी जून २०२२ मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली; दूरसंचार कंपनीकडून पट्टी भाड्याने घेण्याचा मार्गही त्यांत आहे.

अशा वेळी लोकप्रतिनिधींनी व अधिकाऱ्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. जाळे दुर्गम वाड्यांतील रोहित्रांपर्यंत पोहोचणार की शहरापुरतेच राहणार? वीज गेल्यावर ते किती तास चालेल? आणि त्याचा खर्च दरात किती येईल? वीजदराच्या प्रस्तावांवर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जनसुनावणी घेतो. तेथे हे प्रश्न मांडण्याचा अधिकार ग्राहकांना आहे. परवाना कोणाच्याही हाती असो, लहरी जनतेच्याच राहतात. त्यांचा हिशेब मागणे हेही जनतेचेच कर्तव्य होय.