बॅलन्स म्हणजे काय?

'बॅलन्स' हा इंग्रजी शब्द आपण रोज ऐकतो. त्याचं मूळ जुन्या लॅटिन भाषेत आहे. तिथं त्याचा अर्थ दोन पारड्यांचा तराजू. पारडी सारखी झाली, की तोल साधला. म्हणून तोल म्हणजेही बॅलन्स. सायकलवर पोर डुगडुगलं, की आपण ओरडतो, "अरे, बॅलन्स सांभाळ!"

हिशेबातही दोन पारडी असतात. एक जमेचं, एक खर्चाचं. खर्च वजा जाता जे उरतं, तोही बॅलन्सच. आपण त्याला शिल्लक म्हणतो, बाकी म्हणतो.

पण इथं एक मेख आहे. बचत खात्याच्या पुस्तकात ५,००० रुपये बॅलन्स असेल, तर ते पैसे आपले. कर्जखात्यात ५,००० रुपये बॅलन्स असेल, तर ते आपण बँकेला द्यायचे. शब्द एकच. एकीकडे येणं, दुसरीकडे देणं.

तेव्हा नुसता आकडा पाहून खूश होऊ नये. आधी खातं कोणतं, ते वाचावं. कळलं नाही, तर खिडकीवर सरळ विचारावं, "साहेब, हे येणं की देणं?" विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता अंगठा उठवण्यात नुकसान आहे.