आयसीयूतील रुग्णाचे आतडे आणि बाहेरून आणलेले डबे

वस्तीतला माणूस आयसीयूत गेला की दोन दिवसांत घरचे मेडिकलच्या काउंटरवर दिसतात. कुणी सांगितलेले असते, ही पावडर दिली की ताकद येते, या पुड्यांनी पोट सुधारते. त्यासाठी कानातलेही गहाण पडते. म्हणून हा विषय घेतला.

आतड्याच्या आतले अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचे असते. पेशी एकमेकींना घट्ट चिकटून भिंत करतात. अन्नरस आत घ्यायचा आणि आतड्यातले जंतू बाहेरच ठेवायचे, हे तिचे काम. या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात, म्हणजे भिंत सतत बांधली जात असते. गंभीर आजारात रक्तदाब पडला की शरीर मेंदू-हृदयाकडे रक्त वळवते आणि आतडे उपाशी पडते. त्यात तोंडाने अन्न बंद. भिंत सैल होते.

ग्लुटामिन हे या पेशींचे आवडते इंधन. मग ते भरपूर दिले तर? तर्क बरोबर वाटतो, आणि अनेक वर्षे तो डॉक्टरांनाही पटत होता. पण 2013 साली कॅनडा, अमेरिका व युरोपातील 40 आयसीयूंमध्ये 1200 हून अधिक अत्यवस्थ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्लुटामिन मिळालेल्यांत मृत्यू कमी नव्हे, जास्त झाले. ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी होत आहेत त्यांना ते देऊ नये, असे आता मानले जाते.

प्रोबायोटिकचेही तसेच. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला गंभीर सूज आलेल्यांना चांगले जंतू नळीतून दिले. 2008 साली निकाल आला: ते मिळालेल्या 152 जणांपैकी 24 दगावले, न मिळालेल्या 144 पैकी 9. घरी वाटीभर दही खाणे वेगळे आणि रक्तपुरवठा आटलेल्या आतड्यात कोट्यवधी जंतू सोडणे वेगळे.

मग उपयोगी काय? साधे अन्न, वेळेवर. रक्तदाब सावरला असेल तर 24 ते 48 तासांत नाकातल्या नळीतून थोडे थोडे पातळ अन्न सुरू करतात. आतड्यातून अन्न गेले की पेशींना काम आणि खाद्य दोन्ही मिळते. म्हणून डॉक्टरांना विचारा, ‘नळीतून अन्न कधी सुरू होणार? नसेल तर कारण काय?’ औषधाने रक्तदाब कसाबसा टिकवलेला असेल किंवा आतडे अडलेले असेल तर थांबणेच बरोबर असते. आपण मात्र न विचारता नळीत काहीही ओतू नये. नळी सरकलेली असली तर ते फुफ्फुसात जाते.

बरेच दिवस उपाशी किंवा दारूने खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम अचानक घसरून हृदय बंद पडू शकते. म्हणून सुरुवात कमी असते. ‘एवढंसंच देतात’ म्हणून नर्सताईंवर रागावू नका.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली दाखल असाल आणि बाहेरून डबा आणायला सांगितले, तर आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. योजनेत औषधे आणि रुग्णाचे जेवण धरलेले असते. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही नसेल तर पैसे काढू नका.