व्हिडिओवरच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालते का?

प्रश्न : माझी आई (वय ६८) देवरुखजवळ गावी एकटीच असते. तिला रक्तदाब आहे. दर वेळी रत्नागिरीला नेणं जमत नाही. व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवलं तर त्यांची चिठ्ठी कायदेशीर असते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : असते, निश्चिंत राहा. मार्च २०२०च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीकृत डॉक्टरांना तशी मुभा दिली आहे; चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक तेवढा पाहा. सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा मोफत आहे. गुंगीची काही औषधं मात्र अशी लिहून देता येत नाहीत.

घरी रक्तदाब मोजायला आईंना जरूर शिकवा. ब्रिटनमधल्या १,१८२ रुग्णांच्या अभ्यासात (‘लॅन्सेट’, २०१८) घरच्या नोंदी पाहून औषध ठरवलेल्यांचा रक्तदाब वर्षभरानं अधिक आटोक्यात आढळला. यंत्र दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटी घड्याळावर विसंबू नका. पाच मिनिटं शांत बसून सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजायचं, आकडे वहीत लिहायचे. ती वही डॉक्टरांना कॅमेऱ्यासमोर दाखवा. अधूनमधून प्रत्यक्ष तपासणी हवीच.

छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हात किंवा पाय लुळा पडला, तर व्हिडिओची वाट न पाहता लगेच १०८ला फोन करा. हा क्रमांक शेजाऱ्यांनाही देऊन ठेवा.