मुगातील भुंगा कोणत्या कुळातला?



आपल्या काळ्या रानातल्या मुगाला गोल भोके पाडणारा भुंगा आपण सोंड्यांतच मोजतो. १७५८ साली लिनियस यांनीही त्याला ‘चायनेन्सिस’ नाव देऊन सोंड्यांतच घातले. पण त्याला लांब सोंड नाही. पुढे त्याचे कूळ बदलले. आज तो पानभुंग्यांच्या कुळात गणला जातो. बाप्तिस्म्याच्या नावाप्रमाणे जातीचे नाव मात्र टिकले. संग्रहालयात टाचणीवर जपलेला मूळ नमुना ही अशा नावाची साक्ष. शंका आल्यास कीटक त्याच्याशी ताडून पाहतात.

ओळख पटली की उपाय सुचतो. सोंडा ज्वारी-तांदळाचा, हा कडधान्याचा. याची अंडी शेतातच शेंगांवर पडतात. म्हणून मळणी होताच मूग कडक उन्हात वाळवावा, किलोला ५ मिली गोडेतेल चोळावे व घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. बी राखले तर पेरणी राखली.