जुन्या मोटारीच्या क्लचची परीक्षा

मोडनिंब व आसपासच्या गांवांतील पुष्कळ बागाईतदारांच्या दारांत एखादी जुनी मोटार किंवा जीप असते. सोलापुरांत जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील पद्मिनी, १९८३ पासून २०१४ पर्यंत निघालेली मारुती ८०० व जुनी महिंद्रा जीप, या सर्वांत पायानें दाबावयाचा क्लच असतो. गाडी जुनी झाली कीं त्याची तक्रार सुरू होते. मग 'क्लच गेला' एवढ्या शब्दावर गिअरबॉक्स उतरविला जातो व मालकास मोठी रक्कम मोजावी लागते. वास्तविक क्लचचे कांहीं विकार गिअरबॉक्सला हात न लावतां दूर होण्याजोगे असतात. महसुली कामांत पंचनामा झाल्यावांचून निकाल देत नाहींत. तोच नियम शेतकरी बंधूंनीं येथें पाळावा.

रचना. इंजिनाच्या टोकास फ्लायव्हील नांवाचें जड चाक असतें. त्यास लागून क्लच प्लेट व तिच्यामागें प्रेशर प्लेट असते. प्रेशर प्लेटीची स्प्रिंग क्लच प्लेटीस फ्लायव्हीलवर दाबून धरते, म्हणून इंजिनाची शक्ति गिअरबॉक्सांत जाते. पेडल दाबलें म्हणजे रिलीज बेअरिंग पुढें सरकून तो दाब काढून घेतें व प्लेट सुटी होते. तात्पर्य, क्लचचीं कामें दोनच : पूर्ण धरणें व पूर्ण सोडणें. यांपैकीं कोणतें बिघडलें हें आधीं ठरवावें.

प्रथम पेडलाचा खेळ पहावा. ज्या गाडींत केबल आहे तींत पेडल हातानें हळूच दाबून पहावें. आरंभीं थोडें अंतर तें मोकळें गेलें पाहिजे. साधारणतः पाऊण ते एक इंच. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत असतो. खेळ मुळींच नसेल तर क्लच पूर्ण धरत नाहीं. फार असेल तर पूर्ण सोडत नाहीं. दोन्हीं दोष केबलचा नट फिरवून पुष्कळदां जातात. ज्या गाडींत क्लच तेलाच्या दाबानें चालतो, तींत डबींतील तेलाची पातळी व नळीची गळती पहावी. पेडल भुसभुशीत लागल्यास आंत हवा शिरली असें समजावें. या डबींत पुस्तिकेंत सांगितलेलेंच तेल घालावें. इंजिन ऑइल घातल्यास आंतील रबर फुगून निकामी होतें.

घसरणारा क्लच. चढावर किंवा ओझें असतां इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाहीं. कधीं जळका वासही येतो. परीक्षा अशी : गाडी सपाट व मोकळ्या जागीं उभी करून चाकांस दगड लावावे, हँडब्रेक पक्का ओढावा व समोर कोणास उभें राहूं देऊं नये. इंजिन चालू करून वरचा गिअर टाकावा आणि पेडल हळूहळू सोडावें. क्लच चांगला असल्यास इंजिन तत्काळ बंद पडेल. तें चालूच राहिलें तर क्लच घसरतो हें सिद्ध झालें. ही परीक्षा एकदांच करावी, कारण तींत प्लेट तापते. खेळ बरोबर असूनही घसरत असेल, तर प्लेट झिजली आहे किंवा ऑइल सील गळून तीवर तेल आलें आहे. नंतरचें कारण असल्यास सील न बदलतां नुसती प्लेट बदलणें म्हणजे नवी प्लेटही वायां घालविणें होय.

न सुटणारा क्लच. येथें गिअर खरखरतो, विशेषतः रिव्हर्स. इंजिन मंद चालूं ठेवून पेडल पूर्ण दाबावें, दहा सेकंद थांबावें व मग रिव्हर्स टाकावा. तरीही खरखर झाली तर क्लच सुटत नाहीं. खेळ व तेल ठीक असल्यास प्लेट वांकडी झाली असण्याचा संभव असतो. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडींत ती गंजून फ्लायव्हीलला चिकटतेही.

थरथर व आवाज. गाडी निघतांना थरथरली तर प्लेटीवर तेल आल्याचा संशय येतो. पण इंजिनाखालचीं रबरें आधीं तपासावीं, कारण तीं तुटल्यानेंही हेंच लक्षण दिसतें. पेडल दाबतांच आवाज येऊं लागला तर रिलीज बेअरिंग झिजलें. उलट पेडल सोडलेलें असतां आवाज येतो व दाबतांच थांबतो, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा असतो. तेथें क्लच बदलून उपयोग नाहीं.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग हीं तिन्हीं एकदम बदलावीं. एक वस्तु वांचविली व ती पुढें बिघडली, तर उतरविण्याची मजुरी दुसऱ्यांदां पडते. फ्लायव्हील जळलें किंवा चिरलें आहे काय तेंही तेव्हांच पहावें. जुन्या प्लेटीच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें व त्याची धूळ फुफ्फुसांस घातक असते. ती तोंडानें किंवा हवेच्या नळीनें न फुंकतां ओल्या फडक्यानें पुसावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. खालीं मजबूत टेकू द्यावा.

रोजची राखण. चालवितांना पाय पेडलावर टेकवून ठेवूं नये. चढावर अर्धवट क्लचवर गाडी तोलून धरूं नये, हँडब्रेक लावावा. उसाच्या हंगामांत ट्रॉल्यांच्या मागें गाडी कूर्मगतीनें न्यावी लागते. तेव्हां अर्ध्या क्लचवर रांगण्यापेक्षां अंतर पडूं द्यावें व मग पहिल्या गिअरांत पुढें जावें.

गॅरेजमध्यें जाण्यापूर्वीं खेळ किती, घसरतो कीं सुटत नाहीं, आणि आवाज कोणत्या वेळीं येतो, या तीन गोष्टी कागदावर टिपून न्याव्या. चांगल्या मेस्त्रीस त्यांचें साहाय्यच होतें. आणि मालाच्या दरांतून जमविलेला पैसा कशासाठीं जातो आहे, हें मालकास कळतें.