देखभालीच्या कामांसाठी साप्ताहिक कालखंडांची आखणी

शेतीच्या कामात घात साधण्याला फार महत्त्व आहे. वाफसा निघून गेल्यावर केलेली पेरणी आणि वेळेवर केलेली पेरणी यांतील अंतर कोणत्याही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु पाण्याचा पंप, पाणीपुरवठ्याची नळवाहिनी, चारीचे दार किंवा भाड्याने दिली जाणारी सामाईक अवजारे यांच्या देखभालीच्या बाबतीत मात्र हे तत्त्व सहसा पाळले जात नाही. ‘सवड झाली की पाहू’ असे म्हणून काम मागे ठेवले जाते. ती सवड येत नाही, आणि ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडल्यावरच त्या कामाची आठवण होते.

यावर साधा उपाय म्हणजे देखभालीच्या कामांना आठवड्याची चौकट घालून देणे हा होय. अनेक ग्रामपंचायती, पाणी वापर संस्था व उपसा सिंचन संस्था आपल्या नोंदी आता संगणकावर ठेवू लागल्या आहेत. देखभालीच्या सॉफ्टवेअरमध्ये असे साप्ताहिक कालखंड आखण्याची सोय असते. ती कशी वापरावी याची माहिती या पाठात दिली आहे. संगणक नसेल तेथे हीच पद्धत नोंदवहीतही उपयोगी पडते.

पुण्याचा गुरुवार

ठराविक वाराचा उपयोग कसा होतो, याचे परिचित उदाहरण पुणे शहरात पाहावयास मिळते. जलकेंद्रांतील विद्युत, पंपिंग व स्थापत्यविषयक देखभालीसाठी पुणे महानगरपालिका शहराच्या निरनिराळ्या भागांचा पाणीपुरवठा प्रायः गुरुवारी बंद ठेवते. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा व कमी दाबाने येईल, अशी सूचनाही आगाऊ दिली जाते. वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीसाठीही शहरात बहुधा गुरुवारच निवडला जातो, आणि परिसरातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टीही त्याच दिवशी असते.

या रीतीत तीन गुण आहेत. वार ठाऊक असल्याने नागरिक आदल्या दिवशी पाणी भरून ठेवतात. पुरवठा एकदाच बंद करून अनेक कामे एकत्र उरकता येतात. आणि जे काम या गुरुवारी झाले नाही त्याला पुढील गुरुवार समोर दिसत असतो. खेड्यातही आठवड्याच्या बाजारामुळे लोकांच्या मनात आठवड्याचे माप पक्के बसलेले असते. त्याचाच लाभ घ्यावयाचा आहे.

आठवड्याची व्याख्या

सॉफ्टवेअरमध्ये प्रथम आठवडा कोणत्या वारी सुरू होतो हे ठरवावे लागते. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपतो, आणि ज्या आठवड्यात वर्षातील पहिला गुरुवार येतो तो त्या वर्षाचा पहिला आठवडा मानला जातो. उदाहरणार्थ, २०२६ चा पहिला आठवडा सोमवार, २९ डिसेंबर २०२५ पासून रविवार, ४ जानेवारी २०२६ पर्यंतचा होय. या वर्षात ५३ आठवडे येतात. ५२ कालखंड आखून थांबल्यास वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातील कामांना जागाच राहत नाही.

प्रत्येक कालखंडास क्रमांक, प्रारंभाची तारीख व अखेरीची तारीख द्यावी. एक कालखंड संपताच दुसरा सुरू झाला पाहिजे. मध्ये एक दिवस सुटला तर त्या दिवसाचे काम कोठेच दिसत नाही, आणि एक दिवस दोन कालखंडांत आला तर तेच काम दोनदा मोजले जाते. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते म्हणून आठवडा मध्येच तोडू नये. २०२६ मध्ये तो दिवस मंगळवारी येतो. खर्चाची नोंद तारखेप्रमाणे ज्या त्या वर्षात घालता येते, परंतु कामाचा आठवडा अखंड ठेवणेच इष्ट होय.

श्रमतासांचा हिशेब

कालखंड आखल्यावर त्यात किती काम मावेल हे पाहावे. समजा, एका गावाच्या नळयोजनेवर दोन माणसे आहेत. दररोज ८ तासांप्रमाणे ६ दिवसांचे त्यांचे एकूण ९६ तास होतात. पंप चालविणे, व्हॉल्व्ह सोडणे, टीसीएल पावडर टाकणे या नित्याच्या कामांत ६० तास जातात. उरलेल्या ३६ तासांपैकी १२ तास अचानक होणाऱ्या बिघाडांसाठी राखून ठेवले, तर नियोजित देखभालीसाठी २४ तास मिळतात.

आता पुढील कामे हाताशी आहेत असे धरू: टाकी धुणे १२ तास, नळवाहिनीची गळती काढणे ९ तास, स्टार्टर साफ करून तपासणे ३ तास आणि पंपाच्या ग्लँडची दोरी बदलणे ४ तास. बेरीज २८ तास होते. म्हणजे चार तासांचे काम जास्त आहे. सर्वच कामे कशीबशी कोंबण्यापेक्षा ज्याला थांबता येईल असे एक काम पुढील आठवड्यात घालावे. ग्लँडमधून पाणी थोडेच ठिबकत असेल तर दोरी बदलण्याचे काम थांबू शकेल. मात्र गळतीतून दूषित पाणी नळात शिरण्याचा धोका असल्याने ते काम थांबवू नये.

कालखंड निश्चित करणे व बंद करणे

गुरुवारपर्यंत पुढील आठवड्याची यादी निश्चित करावी. शुक्रवारी ती फलकावर लावावी आणि वायरमन, सुटे भाग व पाणी बंद ठेवण्याची वेळ यांची व्यवस्था पाहावी. सोमवारी काम सुरू करावे. कालखंड चालू झाल्यावर त्यात नवीन काम घालावयाचे झाल्यास त्याचे कारण नोंदवावे.

रविवारी कालखंड बंद करावा. ही पायरी पुष्कळदा वगळली जाते, आणि तेथेच सर्व पद्धत ढासळते. वरील उदाहरणात गळतीचे काम राहून गेले असेल, तर २४ पैकी १५ तासांचेच नियोजित काम झाले अशी नोंद व्हावयास हवी. राहिलेले काम पुढील कालखंडात न्यावे, परंतु ते मुळात कधी व्हावयाचे होते ती तारीख बदलू नये. तारीख दर आठवड्यास पुढे सरकविली तर कोणतेच काम कधी थकलेले दिसणार नाही. कागद स्वच्छ राहील आणि नळ गळतच राहील. मूळ तारीख कायम ठेवल्यास एखादे काम चार आठवडे का अडले, हे ग्रामसभेतही विचारता येते.

पाण्याच्या पाळीशी मेळ

काही कामांना वाटेल तो आठवडा चालत नाही. कालव्याचे भराव, चाऱ्या व दारे यांची दुरुस्ती दोन आवर्तनांमधील कोरड्या दिवसांतच होऊ शकते. खडकवासला प्रकल्पाचा नवा मुठा उजवा कालवा पुणे शहरातून पुढे हवेली, दौंड व इंदापूर या तालुक्यांकडे जातो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी, गुरुवारी, या कालव्याची भिंत शहरात फुटली आणि दांडेकर पूल परिसरातील वस्तीत पाणी शिरून घरांचे मोठे नुकसान झाले. वाहत्या कालव्यास भगदाड पडल्यावर प्रथम पाणी बंद करावे लागते, आणि त्याची झळ वस्तीप्रमाणेच पुढील शेतकऱ्यासही पोहोचते.

यास्तव आवर्तनाच्या तारखा कळताच त्या प्रथम सॉफ्टवेअरमध्ये नोंदवाव्यात आणि मधल्या आठवड्यांवर ‘फक्त दुरुस्ती’ अशी खूण करावी. सिंचन व्यवस्थापनासंबंधीच्या २००५ च्या राज्य अधिनियमाखालील पाणी वापर संस्थांकडे आपल्या क्षेत्रातील वितरणाची देखभाल असते. त्यांनी ही खूण विशेष काळजीने करावी. चारीच्या तोंडाशी राहिलेला गाळ शेपटाच्या शेतकऱ्याचे पाणी तोडतो, आणि पाळी निघून गेल्यावर ते भरून देता येत नाही. शेतीपंपांना वीज काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री मिळत असेल तेथे पंपांच्या दुरुस्तीचा आठवडाही त्याप्रमाणे निवडावा.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. आठवड्याचा पहिला वार एकदा ठरवावा व तो बदलू नये.
२. कालखंडांत खंड किंवा दुबार दिवस राहू देऊ नये.
३. हाती असलेल्या तासांपेक्षा अधिक काम यादीत घालू नये. अचानक बिघाडासाठी वेळ राखून ठेवावा.
४. पाणी किंवा वीज बंद राहणार असल्यास त्याची सूचना आगाऊ द्यावी.
५. प्रत्येक कालखंड वेळेवर बंद करावा आणि राहिलेल्या कामाची मूळ तारीख तशीच ठेवावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी आरंभी सर्व यंत्रसामग्री न घेता एकच पंप व एकच टाकी घेऊन चार आठवडे ही पद्धत चालवून पाहावी. चौथा कालखंड बंद करताना कोणते काम किती वेळा पुढे ढकलले गेले हे यादीवरून कळेल, आणि पुढील महिन्याची आखणी त्या कामापासून करता येईल.