बसवणारा कोण, उठवणारा कोण?



ऊस नोंदीसाठी गटागटांत फिरताना आम्हाला एक प्रश्न हमखास येतो: "साहेब, मत देऊन खुर्चीवर बसवतो, तसं मत देऊन उठवता येतं का?" प्रश्न रास्त आहे. आम्ही शेतकी खात्याची माणसं, कुठल्याच पॅनेलची नाही. पण नियम माहीत असलेला बरा.

आधी शेजारच्या मध्य प्रदेशाचे पाहू. तेथे लोकांनी थेट निवडलेल्या नगराध्यक्षाला परत बोलावण्याची तरतूद नगरपालिका कायद्यात झाली आणि सन २००१ मध्ये अनूपपूरला ती वापरली गेली. त्या वेळची रीत अशी होती: तीन-चतुर्थांश नगरसेवकांनी सह्या करून प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा. सह्या तपासल्या की पुढे मतदारांचे गुप्त मतदान. चिन्हे दोन, भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. रिकाम्या खुर्चीला निम्म्याहून जास्त मते पडली की पद गेले. मात्र पहिली दोन वर्षे हात लावायचा नाही, आणि पूर्ण मुदतीत हे एकदाच.

ही अट कशाला? लावलेली कांडी रोज उकरून पाहिली तर डोळा फुटत नाही. आडसाली उसालाही सोळा-अठरा महिने द्यावेच लागतात.

आता आपल्या कारखान्याचे. सभासद संचालक निवडतात, संचालक चेअरमन निवडतात. म्हणून ज्यांनी बसवले त्यांनीच उठवायचे, असा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ७३-१ड चा हिशेब आहे. एक-तृतीयांश संचालकांनी सहीनिशी मागणी निबंधकांकडे द्यायची. खास सभा निबंधक बोलावतात. सभेचा अध्यक्ष सरकारी अधिकारी असतो, त्याला मत नसते. ठरावाला मतदानाचा हक्क असलेल्या एकूण संचालकांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात, नुसत्या हजर असलेल्यांपैकी नव्हे. मंडळ २१ जणांचे असेल तर मागणीला ७ सह्या आणि ठरावाला १४ मते. सभेला १५ जणच आले तरी १४ च लागणार! कोणी कोणत्या बाजूने मत दिले ते सभेत वाचून इतिवृत्तात लिहिले जाते.

मग सभासदाच्या हाती काय? मध्य प्रदेशासारखे सभासदांच्या मतदानाने परत बोलावणे या कायद्यात नाही. पण एक-पंचमांश सभासदांनी, किंवा पोटनियमात त्याहून कमी संख्या दिली असेल तर तेवढ्यांनी, लेखी मागणी केली की महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. तिथे उभे राहून हिशेब विचारा.

तेव्हा कोणी सह्यांचा कागद घेऊन बांधावर आला, तर आधी पाहा, सही कशासाठी आणि अर्ज कोणाकडे जाणार? कोऱ्या कागदावर सही देऊ नका. चुकीच्या दारात दिलेला अर्ज म्हणजे दुसऱ्याच्या सरीत सोडलेले पाणी.

स्वाध्याय: मंडळ १७ जणांचे असेल तर किती सह्या व किती मते लागतील? (उत्तर: ६ आणि १२)

– ऊस विकास अधिकारी